दोन्ही लिवन ठेव

वेंगुर्ल्याला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब, खोल पाण्यात उभी राहायची आणि भोंगा द्यायची. मग बंदरावरून होड्या सुटायच्या. माणसं, वळकट्या, ट्रंका, फणस आणि एखादी रडणारी नवी सून, एवढं सगळं भरून त्या बोटीच्या अंगाला टेकायच्या. वरून खलाशी हात द्यायचा, खालून होडीवाला ढकलायचा, आणि नेमकी त्याच वेळी लाट पायाखालून निघून गेली की पोटात जो खड्डा पडायचा, त्याबद्दल आमची आजी आयुष्यभर सांगत राहिली. माहेर, बाळंतपणं, आजोबांचं जाणं या सगळ्यांवर मिळून ती जेवढं बोलली नसेल, तेवढं त्या एका लाटेवर बोलली.

बोट कुठली होती, यावर मात्र घरात एकमत नव्हतं. आजी म्हणायची ‘चंपावती’. तिची धाकटी जाऊ, आमची काकीआजी, ‘रोहिणी’वर ठाम. दोघी एकाच खेपेला मुंबईला निघालेल्या, एकाच होडीतून. दुपारची पेज झाली की पडवीत कुळीथ निवडता निवडता हा विषय हटकून निघायचा. “तुका काय म्हायत? तू ओकत होतलंस,” असं आजीनं म्हटलं की काकीआजी गप्प. कारण ते खरं होतं. आवळा तोंडात धरला की बोट लागत नाही म्हणून तिला पदराला बांधून आवळे दिले होते. ते तिनं बंदरावरच खाऊन टाकले. निदान आजीचं म्हणणं तसं. काकीआजी म्हणायची, आवळे खाल्ले तुझ्या आजीनं.

बोटींच्या गोष्टी त्या पिढीत नुसत्या गंमतीच्या नव्हत्या. ११ नोव्हेंबर १९२७ ला ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन्ही बोटी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या तोंडावर, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. रेवस आमच्यापासून लांब, आमच्या घरातलं त्या बोटीवर कुणी नव्हतं. तरी ‘रामदास’ म्हटलं की आजी हातातलं काम खाली ठेवायची. तिचं एक स्वतःचं मत होतं: संतांची नावं बोटींना देऊ नयेत, संतांना संसारातून सुटायची घाई असते. माझ्या लहानपणापर्यंत बोटींची नावं ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशी सरकारी वळणाची झाली होती. आणि आमच्या वाट्याला आली एसटी. तिला नावच नाही, नुसता नंबर.

हे सगळं आता मी वहीत उतरवतोय. त्याला कारण एक भंगारवाला.

झालं असं की आमच्या आळीतली एक म्हातारी गेली. तेराव्यानंतर मुंबईची मुलं घर आवरून परत जायच्या गडबडीत होती. माळ्यावरची ट्रंक निघाली, वरची साडी आणि चांदीचा करंडा काढून घेतला, बाकी सगळं भंगारात. शेजारचे निवृत्त मास्तर दूध घेऊन येत होते. त्यांनी हातगाडीवर एक कागद पाहिला, उचलला, तर ती १९३० च्या सुमाराची मनीऑर्डरची पावती. मास्तरांनी तिथल्या तिथे शंभराची नोट देऊन ती सबंध रद्दी विकत घेतली. घरी बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळी. पण पुढच्या रविवारी शाळेच्या एका खोलीत आम्ही काहीजण जमलो ते त्या रद्दीभोवती. एक कोर्टातले जुने कारकून, त्यांना मोडी वाचता येते. एक फोटो स्टुडिओवाला. दोन शिक्षिका. पोस्टातली एक बाई आणि काजूच्या फॅक्टरीत आयुष्य काढलेली एक. आणि मी, ज्याला घरचे लोक रिकामटेकडा म्हणतात.

त्या दिवशी मास्तरांनी एक शिस्त घालून दिली, तीच अजून चालते. वस्तू कुणाची ठेवून घ्यायची नाही. फोटो काढायचा, माहिती लिहायची आणि वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत. माहिती सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करायचं नाही. आणि एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा निघाल्या तर? मी चंपावती-रोहिणीचं सांगितलं. मास्तर म्हणाले, “दोन्ही लिवन ठेव.”

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण गावचा छापील इतिहास मी वाचलाय. त्यात वेंगुर्लं आहे, पण वेंगुर्ल्यातली माणसं नाहीत. १६३७ मध्ये डच इथे आले, विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीनं वखार घातली, आणि इथून गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी केली. १६७५ मध्ये मोगलांनी गाव जाळलं, असं गॅझेटियर सांगतं. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेलं. १८७६ मध्ये नगरपालिका झाली. सगळं बरोबर. पण वखारीत लवंग-वेलची उचलणारे हमाल कोण होते, साहेबाला मासळी कोण पुरवायचं, गाव जळलं तेव्हा माणसं कुठल्या डोंगराला गेली, यातलं काही नाही. ती जांभ्या दगडाची दुमजली वखार अजून उभी आहे, म्हणजे भिंती उभ्या आहेत. छप्पर कधीच गेलं, आणि झाडांची मुळं चिऱ्यांच्या फटींत शिरून बसलीत. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी. “थंय जाव नको, थंय सायब असा.” साहेब म्हणजे डचाचं भूत. ते रात्री पावशेर मिरी मोजतं, असं आमच्या शेजारचा एक गाबीत म्हातारा सांगायचा. भूत मोजमाप करतं हे मला तेव्हाही फार पटायचं. व्यापारी मेला तरी दुसरं काय करणार?

मिरीवरून बैलगाड्या आठवल्या. आमचे पणजोबा गाडीवान. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, तिथून आंबोलीचा घाट चढून बेळगाव, असा रस्ता इंग्रजांनी १८६९ च्या आसपास पक्का केला आणि वेंगुर्लं हे बेळगावचं बंदर झालं. वरून कापूस आणि गूळ यायचा, खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी जायची. पणजोबांची गाडी घाटात रात्रीची थांबली की वाघ बैलांचा वास काढत यायचा, तेव्हा ते सुक्या बांगड्यांच्या गोणीवर झोपत. वाघाला तो वास सोसत नाही म्हणे. (बांगड्याचा वास सोसत नाही असा वाघ आंबोलीचा असूच शकत नाही, असं आमचे वडील म्हणायचे.) मग १८८० च्या दशकात मुरगावहून कॅसल रॉकमार्गे रेल्वे आली आणि माल तिकडे वळला. पणजोबांनी एकेक करून बैल विकले. घरात त्यावर कुणी इतिहास म्हणून कधी बोललं नाही. एवढंच म्हणत, “मुरगावान आमचे बैल खाल्ले.” पुढे शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली, १९९८ ला, तर तीही कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. रेल्वेनं वेंगुर्ल्याकडे दोनदा पाठ फिरवली, आणि मला विचाराल तर जुनी घरं, अरुंद आळ्या आणि गावच्या क्रॉफर्ड मार्केटचं कौलारू छप्पर जे काही उरलंय, ते त्यामुळेच उरलंय. आता होमस्टेवाले येताहेत. जुनं घर पाडून त्या जागी ‘जुन्या घरासारखं’ नवं बांधतात.

जे पाहुणे येतात त्यांना दाखवायला आमच्याकडे मोठी नावं आहेत, नाही असं नाही. मंगेश पाडगांवकर इथले, आरती प्रभू तेंडोलीजवळचे, जयवंत दळवी आरवलीचे, आणि वि. स. खांडेकरांनी शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षं काढली. ही नावं पुसली जाणार नाहीत, त्यांची पुस्तकं आहेत. माझी काळजी वेगळ्यांची. दशावताराचंच घ्या. एखादा कसलेला नट स्त्रीपार्टात उभा राहिला की बायका पदर सावरून बसत, हे मी पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकलंय. पण दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट रंगपटात बसून कथा ठरवतात आणि पहाटेपर्यंत तोंडचं बोलतात. गेलेल्या नटाबरोबर त्याची सगळी भाषणं गेली. आमच्या आज्यांचंही तसंच.

गोहीन डॉक्टरांची गोष्ट घ्या. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनचं इस्पितळ, तिथे हे डॉक्टर. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथेच जन्मला, १५ ऑगस्ट १९१९ ला. तो पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, १९५७ ते १९७२ अशी पंधरा वर्षं, आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीत आला. हे कागदावरचं. आता तोंडचं: आमच्या आत्याच्या सासूचं ठाम म्हणणं असं, की गोहीनबाईंना दूध पुरेना तेव्हा तिच्या घरची शेळी बंगल्यावर जायची. “अमेरिकेचो वकील आमच्या शेळयेच्या दुधावर वाढललो.” दिल्लीत तो आल्याची बातमी पेपरात वाचून तिनं ती शेजारीपाजारी वाचून दाखवली होती आणि शेवटी शेळीचं वाक्य स्वतःचं जोडलं होतं. खरं-खोटं रामेश्वर जाणे. पण वहीत तारखा एका पानावर आहेत आणि शेळी समोरच्या पानावर.

आमच्या रविवारच्या बैठकांत सगळंच असं रसाळ नसतं. मोडीचा एक जाडजूड गठ्ठा आला तेव्हा कारकूनकाकांनी चष्मा पुसून मोठ्या थाटात वाचायला घेतला. आम्हाला वाटलं, सावंतवाडीकरांचं फर्मान निघणार. निघाले नारळांचे हिशेब, आणि एका पाणंदीवरून दोन भावांचं भांडण. ती पाणंद अजून आहे आणि भांडणही आहे. गठ्ठा ज्यांच्या घरून आला त्यांनी तो त्याच संध्याकाळी घाईघाईनं परत नेला, वकिलाला दाखवायला. इतिहासाचा असा रोकडा उपयोग मी प्रथमच पाहिला.

शिक्षिकाबाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना अभ्यास दिला: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि लिहून आणा. मुलांनी जे आणलं ते कुठल्या गॅझेटियरात मिळणार नाही. एकानं लिहिलं होतं, “माझी पणजी रागीट होती. ती तांदूळ मोजून द्यायची आणि मोजताना बोलायची नाही.” एकीनं पणजीची धोंडसाची कृती आणली. तवसं किसून, गूळ, तांदळाचा रवा, हळदीचं पान, सगळं नीट. खाली टीप: “पणजी म्हणते हे असं करतात, पण आई म्हणते पणजी एक गोष्ट सांगत नाही.” ती एक गोष्ट काय, यावर आमच्या बैठकीत अर्धा तास गेला. फॅक्टरीवाल्या बाईंचा अंदाज काजूचा होता, आणि वेंगुर्ल्यात काजूवर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची प्राज्ञा? १९५७ पासून इथल्या संशोधन केंद्रानं काजूच्या जाती काढल्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. त्या कलमांच्या बिया कुणाच्या हातात पहिल्या फोडल्या गेल्या, तर यांच्या मैत्रिणींच्या. चीक लागून काळी पडलेली बोटं त्यांनी टेबलावर ठेवली. फोटोवाल्यानं न विचारता त्यांचा फोटो काढला. मग विचारलं. त्या म्हणाल्या, “आता काढलंस तर ऱ्हांवने.”

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते पितळेचं पातेलं. एक गृहस्थ ते सायकलला बांधून घेऊन आले. दोन हात पसरावे एवढा घेर, बाहेरून चुलीच्या धुरानं काळं, आतून कल्हई उडालेली. काठाच्या खाली ठोक्यांनी कोरलेली आठ नावं, एकाखाली एक नाही, गोल फिरत गेलेली, म्हणजे वाचायचं तर पातेलं फिरवावं लागतं. शेवटी ‘खोली नं. ११, परळ’. हे मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या खोलीचं पातेलं. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या खोलीत पाळी-पाळीनं झोपायचं, एका चुलीवर भात शिजवायचा, असे आमच्याकडचे किती जन्म गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती खोली सुटली. भांडी चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. कढई कुणाला, परात कुणाला, हे पातेलं यांच्या वडिलांना. आठांतली पाच नावं वाचता येत होती. बाकीची घासून घासून गुळगुळीत. तेव्हा ते गृहस्थ डोळे मिटून काठावरून अंगठा फिरवत म्हणाले, “ह्यो मोचेमाडचो. ह्यो आमचो बापूस. ह्यो...” इथे अंगठा थांबला, पुढे गेला, मागे आला. नाव काही आलं नाही. “खोकायचो रात्रभर. भात मात्र सगळ्यांत बरो करायचो.” आम्ही तेच लिहिलं: आठवा, खोकणारा, भात बरा करायचा. पातेल्यात आता काय करता, असं कुणीतरी विचारलं. सातेरीच्या जत्रेला पाहुणे आले की त्यातच भात, म्हणाले. कल्हईवाला मिळत नाही ही त्यांची तक्रार. गावचं वस्तुसंग्रहालय का करत नाही असं आम्हाला बाहेरचे लोक विचारतात, त्यांना मी हे पातेलं दाखवायला नेतो. काचेच्या कपाटात ठेवलं तर जत्रेला भात कशात करायचा? आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो. आमच्याकडे देवाच्या वस्तूसुद्धा वापरातल्या.

सध्या आम्ही मिठावर आहोत. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. दूरदूरचे सत्याग्रही आले, लाठ्या पडल्या, माणसं तुरुंगात गेली. त्याचा स्मृतिदिन होतो, भाषणं होतात, हार घातले जातात. आम्हाला हवी होती ती त्या दिवसांतल्या शिरोड्याच्या घरांची हकीकत. शोधता शोधता आम्हाला मासळी बाजारातच एक बाई सापडल्या. वय ऐंशीच्या पुढे, बसणं अजून ताठ, समोर सुंगटांचा वाटा. त्यांचं माहेर शिरोड्याचं. त्यांनी सांगितलं ते असं: आजोबा मिठागरावर सरकारी शिपाई. सत्याग्रहाच्या दिवशी ते लाठी घेऊन आगरावर उभे, आणि त्यांचीच बायको, म्हणजे या बाईंची आजी, पदरात मूठभर मीठ घेऊन मागल्या दारानं घरात आली. संध्याकाळी आजोबा जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि विचारलं, “मीठ खंयचा?” आजी म्हणाली, “जेवा.” ते जेवले. त्या घरात पुढे त्यावर कधी शब्द निघाला नाही, आणि आजोबांची नोकरी पेन्शनीपर्यंत राहिली.

हे सांगताना बाईंनी दोन गिऱ्हाइकं केली आणि एकाला भाव कमी केल्याबद्दल झापलं. मी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “माझ्या भयणीकडे गेललात?” बहीण रेडीला असते, म्हणाल्या, आणि ती अगदी उलट सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे मीठ आणलं आजोबांनीच, खिशातून, लाठीच्या आडून. आणि आजीला भीती वाटून तिनं ते विहिरीत टाकलं. “तिचा आयकू नको. ती धाकटी, तिका काय म्हायत?”

बहिणीला निरोप धाडला. तिचं उत्तर नातवाबरोबर आलं. रविवारी येवा, म्हणते, सगळं सांगते; जेवायलाच या, तिखलं करते. येताना वेंगुर्ल्याच्या बाजारातून बांगडे आणा, ताजे बघून आणा, आणि ते थोरल्या बहिणीकडून घेऊ नका, ती मापात मारते.